१९९४चा गेम तिसरा नव्हे, सहावा

संपादक महोदय,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेम मालिकेवरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने जपानी गेमच्या निर्मितीला अर्धे पान दिले याबद्दल आभार. पण ‘तिसरा भाग १९९४ साली सुपर निन्टेन्डोवर आला आणि त्याचे प्रोग्रॅमिंग नासिर गेबेली यांनी केले’ हे वाक्य छापण्यापूर्वी कुणीतरी तपासायला हवे होते. त्यात दोन वेगळ्या गेमची सरमिसळ झाली आहे आणि पुढचा निम्मा लेख त्याच चुकीवर उभा आहे.

तिसरा भाग २७ एप्रिल १९९० रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्रावर आला. १९९४च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘फायनल फँटसी ३’ या नावाने विकला गेला तो सहावा भाग. जपानमध्ये तो त्याच वर्षी २ एप्रिलला आला होता आणि त्याचे दिग्दर्शक होते योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो. आकडा बदलण्याचे कारणही साधे आहे. दुसऱ्या भागाचे इंग्रजी भाषांतर स्क्वेअर या निर्मात्या कंपनीने सुरू केले होते. पण १९९१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सुपर निन्टेन्डो आला आणि जुन्या यंत्रासाठी खर्च करण्यात अर्थ उरला नाही. दुसरा आणि तिसरा भाग मागे राहिले, चौथा ‘२’ म्हणून गेला, पाचवा तेव्हा गेलाच नाही, सहावा ‘३’ झाला. १९९७मध्ये सातवा भाग खऱ्या क्रमांकाने आला, तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत तीननंतर एकदम सात दिसला.

या गोंधळात सर्वाधिक अन्याय होतो तो गेबेली यांच्यावर. आपण त्यांचे नाव छापलेत आणि त्यांचे खरे काम मात्र गाळलेत. इराणी वंशाच्या या अमेरिकी प्रोग्रॅमरने मालिकेचे पहिले तीन भाग लिहिले. सहाव्याशी त्यांचा संबंध नाही. व्हिसाची मुदत संपल्याने त्यांना कॅलिफोर्नियातील सॅक्रामेन्टोला परतावे लागले, तेव्हा जपानमधली मंडळी यंत्रसामग्री घेऊन त्यांच्यामागे तिकडे गेली आणि काम तिथे पुरे झाले. एका माणसासाठी अख्खा चमू समुद्र ओलांडतो, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान आहे. तिसऱ्या भागाच्या कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडे जिला कॅसेट म्हणत) जागा होती अवघी ५१२ किलोबाइट. सहाव्याची ३ मेगाबाइट, म्हणजे सहापट. तेवढ्याशा जागेत गेबेलींनी पात्रांचा जॉब, म्हणजे योद्धा, जादूगार अशी भूमिका, बदलण्याची पद्धत बसवली, आवाहन करून बोलवायचे प्राणी बसवले. मूगल हा मालिकेतला ओळखीचा प्राणी प्रथम दिसतो तोही इथेच. वंडरस्वान या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी या भागाची नवी आवृत्ती जाहीर झाली होती. पहिला, दुसरा, चौथा निघाले, तिसरा निघालाच नाही. जपानबाहेर तो अधिकृतपणे पोचला २००६ साली, निन्टेन्डो डीएसवर, नव्याने बांधलेल्या त्रिमितीय रूपात. सोळा वर्षांची ही प्रतीक्षा आपल्या लेखात चार वर्षांच्या ‘विलंबा’त गुंडाळली गेली.

चौकटीतील सल्ल्याने वाचकांचे पैसेही वाया जातील. ‘टेराची कथा अनुभवायची तर तिसरा भाग विकत घ्या’ असे तिथे म्हटले आहे. आज दुकानात ‘३’ मागितला तर मिळेल १९९०चाच गेम, आणि त्यात टेरा नाही; ती सहाव्याची नायिका. ओळखायची खूण सोपी आहे: सुरुवातीला चार अनाथ मुले (२००६च्या त्रिमितीय रूपात एकच मुलगा) गुहेत कोसळली तर तो तिसरा, बर्फातून तीन यंत्रचिलखते नार्शे गावाकडे चालत गेली तर सहावा.

त्याच चौकटीत ‘इव्हेड (वार चुकवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) वाढवा, तलवारीचे वार चुकतील’ असे सांगितले आहे. सहाव्या भागाच्या मूळ कार्ट्रिजमध्ये तो आकडा कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे शारीरिक हल्ल्यालाही जादू टाळण्याचाच आकडा, म्हणजे मॅजिक ब्लॉक, लागू होतो. तोच वाढवावा. गेम बॉय अॅडव्हान्सच्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली, म्हणून सल्ला देताना आवृत्ती सांगणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेतल्या पहिल्या खेपेच्या कार्ट्रिजवर खेळणाऱ्यांनी रेल्म या पात्राची ‘स्केच’ आज्ञा वापरूच नये. ती फसली तर पिशवीतल्या वस्तूंची नोंद विस्कटते, कधी सेव्ह करून ठेवलेले खेळही हातचे जातात.

आणखी एक. लेखात मालिकेचे जनक, संगीतकार आणि चित्रकार यांची ‘सकागुची’, ‘युमात्सू’, ‘अमानो योशिटाका’ अशी नावे आहेत. इंग्रजीत त आणि ट यांना एकच अक्षर आहे, आपल्याकडे दोन आहेत. जपानी उच्चार दंत्य आहे, म्हणून योशिताका. तसेच साकागुची आणि उएमात्सु. देवनागरीत हे सगळे नीट लिहिता येते. मग इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने का लिहायचे?

येत्या रविवारी निदान क्रमांक, साल आणि गेबेली यांच्याविषयीची दुरुस्ती, लेख आला त्याच पानावर छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा