अंगणवाडीतल्या ताईंचे आभार

3 ते 6 वर्षांच्या मुलांना सुरक्षितता शिकवणाऱ्या सेविका, मदतनीस आणि काम सोडून आलेल्या पालकांनो, तुमचे मनापासून आभार. खेळातल्या चुलीभोवती खडूने तीन पावलांवर रिंगण आखलंत, ते फार मोलाचं. ‘लांब राहा’ म्हटलं तर लांब म्हणजे किती, हे या वयात उमगत नाही; रेघ मात्र दिसते. कपडे पेटले तर पळायचं नाही, कारण वाऱ्याने ज्वाळा भडकते. थांबायचं, आडवं व्हायचं, हातांनी तोंड झाकून लोळायचं, हे चटईवर पुन्हापुन्हा घोटून घेतलंत. धुराला घाबरून मुलं खाटेखाली लपतात, म्हणून हाकेसरशी बाहेर येण्याचा खेळ घेतलात. आणि भाजल्यावर टूथपेस्ट नको, 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, हे आज्यांनाही पटवलंत!