तारखा जशा आहेत तशाच लिहा

मिसिसागा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांचा आवाज फार खचलेला वाटला, आणि फोनवर सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कॅनडाच्या पीआर कार्डाची मुदत संपली म्हणजे पीआरच, म्हणजे कायमस्वरूपी रहिवाशाचा दर्जाच गेला, असे त्या एजंटाने तुम्हाला सांगितले ते खरे नाही. मुदत संपते ती कार्डाची. कायमस्वरूपी रहिवाशाचा दर्जा अधिकाऱ्याने तसा निर्णय दिल्याशिवाय आणि तो अंतिम झाल्याशिवाय जात नाही. मात्र चालू कार्ड नसेल तर विमान कंपनी तुम्हाला कॅनडाच्या विमानात बसू देणार नाही, आणि त्यासाठीच पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागते. त्याचे शुल्क प्रत्येकी 50 डॉलर आहे, ते मी इथूनच भरते.

या डॉक्युमेंटचा अर्ज तपासताना मुख्यतः एक गोष्ट पाहिली जाते : मागच्या पाच वर्षांत तुम्ही किमान 730 दिवस कॅनडात होता का. मी दोघांचे पासपोर्ट समोर ठेवून दिवस मोजले. आईचे 745 भरतात, कारण बाळंतपणासाठी ती माझ्याजवळ राहिली. बाबांचे 618 भरतात, म्हणजे 112 कमी. ते 112 दिवस कुठे गेले हे आपल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर तिला सोडून येणे बाबांना शक्यच नव्हते. मी आता इथली नागरिक असले तरी त्याचा उपयोग नाही, कारण नागरिक असलेल्या पती-पत्नीसोबत परदेशात काढलेले दिवस धरतात, मुलीसोबतचे नाही.

बाबा, एजंट म्हणतो तसे दोन तारखा पुढे-मागे करून आकडा जुळवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. दिवस कमी पडणे ही अडचण आहे, पण खोटी माहिती देणे हे इथल्या स्थलांतर कायद्याच्या 40 व्या कलमाखाली अपात्रतेचे वेगळे कारण आहे आणि त्यापायी पाच वर्षे दार बंद होते. तुमच्या वयात पाच वर्षे म्हणजे काय, हे मला लिहवत नाही. शिवाय येण्या-जाण्याच्या नोंदी सरकारकडे असतातच. उलट, दिवस का कमी पडले याचे मानवी कारण अधिकाऱ्याने विचारात घ्यावे अशी तरतूद 28 व्या कलमातच आहे. आजीचे दवाखान्याचे कागद, डॉक्टरांचे पत्र, मृत्यूचा दाखला, आणि तिला पाहणारे दुसरे कोणी नव्हते हे सांगणारे बाबांच्या शब्दांतले निवेदन, एवढे जोडू.

आईला तिच्या मधुमेहाची धास्ती वाटते. आरोग्याच्या कारणावरून अपात्र ठरवण्याचे कलम परदेशी नागरिकांना लागू होते, कायमस्वरूपी रहिवाशांना नाही. तेव्हा ती चिंता मनातून काढून टाक, आई.

बाबांचा अर्ज नाकारला गेला तर 60 दिवसांत अपील करता येते. अर्जाच्या तपासणीच्या आधीच्या 365 दिवसांत बाबा एकदा तरी इथे असतील, तर अपील चालू असताना त्यांना प्रवासाचे कागद मिळू शकतात. बाबांना इथून जाऊन आठ महिने झाले आहेत, म्हणून मी घाई करते आहे. येत्या रविवारी दोघांच्या पासपोर्टची सगळी पाने, कोरीसुद्धा, स्कॅन करून पाठवा. जुना पासपोर्ट बाबांच्या कपाटात वरच्या खणात आहे.

तुमची,
मंजू