पगार कुठल्या डॉलरात, ते आधी विचार

वुडब्रुक, पोर्ट ऑफ स्पेन
रविवार

प्रिय सुधीर,

तुझा लांबलचक निरोप मिळाला, इथल्या कंपनीने तुला पाठवलेलं नोकरीचं ऑफर लेटरही वाचलं. महिना पंचवीस हजार डॉलर हा आकडा बघून घरात काय झालं असेल ते मला इथून दिसतंय. ईराने मोबाइलवर गुणाकार केला असणार, उत्तर वीस-बावीस लाख आलं असणार आणि वहिनींनी "काहीतरी गडबड आहे" म्हणून तिला परत करायला लावला असणार. वहिनींचं बरोबर आहे. ते डॉलर त्रिनिदादचे. इथला एक डॉलर म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये, आणि एका अमेरिकन डॉलरला इथले पावणेसात मोजावे लागतात. म्हणजे तुझा पगार झाला तीन-सव्वातीन लाख रुपये. नाशकात बसून तोही भरघोस वाटेल. पण तो खर्चायचाय इथे.

कर आधी. वर्षाला ९०,००० डॉलरपर्यंत कर नाही, त्यावरच्या कमाईवर २५ टक्के. (दहा लाखांच्या वर ३० टक्के, पण ती काळजी आपल्याला नाही.) तुझ्या वर्षाच्या तीन लाखांतले साडेबावन्न हजार इथेच गेले. राष्ट्रीय विम्याची वर्गणी आणि आरोग्य अधिभार वेगळे. हातात महिना वीस हजार पडतील असं धरून चाल.

आता घर. मराव्हाल, वेस्टमूरिंग्ज या भागांतल्या गेटवाल्या वसाहतींत परदेशी कंपन्यांची माणसं राहतात. तिथली भाडी बरेचदा अमेरिकन डॉलरातच सांगतात, तेव्हा तिकडे बघूसुद्धा नकोस. आम्ही राहतो ते वुडब्रुक पोर्ट ऑफ स्पेनच्या, म्हणजे इथल्या राजधानीच्या पोटात आहे. जुनी लाकडी नक्षीची घरं, मधूनच एखादी नवी इमारत, खाली खाणावळी नि दारूचे गुत्ते. इथे दोन बेडरूमच्या बऱ्या फ्लॅटला आठ-नऊ हजार जातात. शेजारी सेंट जेम्स आहे, तिथे थोडं कमी. तिथल्या रस्त्यांची नावं वाचशील तर हसशील: दिल्ली, मद्रास, लखनौ, पाटणा, कलकत्ता. पूर्वी तिथे उसाचा मळा होता, त्यावर राबायला भारतातून मजूर आणलेले.

कंपनीतलं कुणीतरी तुला चग्वानसला राहा म्हणून सांगेल. ऐक, पण लगेच हो म्हणू नकोस. चग्वानस दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर. आपल्या लोकांची दाट वस्ती, देवळं, भाडं जवळपास निम्मं. वहिनींना तिथे करमेल हेही खरं. पण तिथून राजधानीत यायला एकच मोठा हायवे आहे आणि सकाळी पाचनंतर त्यावर गाड्यांची रांग लागते. माझा एक सहकारी पहाटे साडेचारला निघतो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच तासभर झोपतो आणि मग तोंड धुऊन कामाला बसतो. मुलं त्याला फक्त शनिवार-रविवारी जागी दिसतात. भाड्यात वाचवलेले चार हजार असे वसूल होतात. गंमत म्हणजे ज्या राजधानीत शिरायला एवढी मारामारी, तिच्या हद्दीत २०११च्या जनगणनेत जेमतेम ३७ हजार माणसं राहत होती. आपलं सिन्नर मोठं म्हणायचं. सगळा देश दिवसा इथे येतो आणि संध्याकाळी परत जातो.

गाडी लागतेच. जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या मिळतात, उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि डावीकडून वाहतूक, तेव्हा हात बसवायला नको. सात-आठ वर्षं वापरलेली गाडीही सत्तर-ऐंशी हजारांना. तोवर मॅक्सी टॅक्सी आहेत, म्हणजे पट्टेवाल्या मिनीबस: पिवळा पट्टा राजधानी आणि पश्चिमेचा, लाल पूर्वेचा, हिरवा दक्षिणेचा. आत चढताना मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणायचं. न म्हणता बसलास तर माणूस उर्मट आहे असं सगळी बस ठरवून टाकते. आपल्या सिटी बसमध्ये असं केलं तर कंडक्टर वेड्यात काढेल.

स्वस्त काय ते सांगतो, नाहीतर म्हणशील नुसता रडतोय. देशाकडे स्वतःचा नैसर्गिक वायू आहे, त्यामुळे वीज युनिटला चाळीस सेंटपेक्षा कमी पडते. बिल दोन महिन्यांनी येतं आणि रात्रभर एसी लावूनही घाम फुटत नाही. वीस पौंडांचा गॅस सिलिंडर अनुदानात २१ डॉलरला. पाण्याचं मात्र आपल्यासारखंच. कोरड्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मे, नळ आठवड्यातले काही दिवसच येतो, म्हणून प्रत्येक घरामागे काळ्या टाक्या. घर बघायला गेलास की आधी टाकी किती लिटरची ते विचार, स्वयंपाकघर नंतर बघ.

किराणा महाग, कारण बराचसा बोटीने येतो. कांदे, बटाटे, लसूण बाहेरचे, दूध बहुतेक खोक्यातलं किंवा पावडरीचं. रुपयात मोजलंस तर लिटर दीडशेच्या वर जातं. चीजच्या कपाटापुढे मंजिरी अजूनही क्षणभर थांबते आणि पुढे जाते. यावर उपाय एकच, सुपरमार्केटला टांग मारून शनिवारी उजाडायच्या आत सेंट्रल मार्केट गाठायचं. तिथे सगळं पौंडावर किंवा जुडीवर. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईकडे अळूच्या पानांची जुडी दिसली, हिरवीगार, देठं जांभळी. इथे त्याला दशीन म्हणतात आणि नारळाच्या दुधात भाजी शिजवतात. मंजिरीने त्याचं फदफदं केलं, चिंच-गूळ आणि शेंगदाणे घालून. शेजारच्या काकूंना वाटीभर दिलं तर त्यांनी भाजी ओळखली, पण गोड का लागतेय म्हणून दोनदा विचारलं. चवळीच्या शेंगा, कारली, वांगी भरपूर. नाताळच्या सुमारास तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्या सोलत बसायची रविवारची दुपार मला फार आवडते, आणि त्या दाण्यांची आमटी तुझ्या आईच्या हातच्या आमटीच्या जवळपास जाते.

तर बेरीज कर. भाडं साडेआठ, घरखर्च पाच, गाडीचा हप्ता नि पेट्रोल तीन, दोन मुलांची खासगी शाळा साडेतीन. वीस झाले. डॉक्टर, कपडे, विमानाचं तिकीट, आप्पांना पाठवायचे पैसे, यातलं काहीच अजून धरलेलं नाही.

आणि समज, काटकसर करून महिना दोन हजार शिल्लक टाकलेस, तरी खरी अडचण तिथून सुरू होते. ते भारतात पाठवायचे तर आधी अमेरिकन डॉलर हवेत आणि इथल्या बँका ते मोजूनमापून देतात. देशाला परकी चलन मिळतं मुख्यतः तेल आणि वायूतून, आणि वायूचं उत्पादन गेल्या पंधराएक वर्षांत बरंच घटलंय. त्यामुळे खात्यात पैसे दिसत असूनही खिडकीवरची बाई गोड हसून सांगते, "पुढच्या आठवड्यात बघा." क्रेडिट कार्डावरही परकी खर्चाची मर्यादा आहे. नाशिकच्या फ्लॅटचा हप्ता तू इथल्या पगारातून फेडणार असशील, तर हे सगळ्यात आधी लक्षात घे. पंचवीस हजार थोडे की पुष्कळ, हा पुढचा प्रश्न. त्यातले किती या बेटाबाहेर जाऊ शकतात, तेवढाच तुझा खरा पगार.

म्हणून कंपनीला लिही: निम्मा नाहीतर निदान तिसरा हिस्सा अमेरिकन डॉलरात, थेट भारतातल्या खात्यावर. घर कंपनीचं. चौघांचं वर्षातून एकदा जाण्यायेण्याचं भाडं. वैद्यकीय विमा कुटुंबासकट. यातलं घर आणि डॉलर हे दोन तरी मिळाले तर ये. नाही मिळाले तर नम्रपणे नाही म्हण आणि आहेस तिथे सुखी राहा. मी इथे एकटा पडलोय म्हणून तुला ओढतोय असं व्हायला नको.

सुरक्षिततेचं तू विचारलंस. लपवण्यात अर्थ नाही. २०२४मध्ये सहाशेहून जास्त खून झाले, तेही नाशिक शहराएवढ्याच लोकसंख्येच्या देशात. वर्षाच्या शेवटी आणीबाणी लागली, २०२५च्या जुलैत पुन्हा. बहुतेक भानगडी टोळ्यांच्या आणि ठरावीक वस्त्यांतल्या. आमच्या वाट्याला रोज येते ती खबरदारी: खिडक्यांना लोखंडी जाळ्या, अंधार पडल्यावर पायी फिरणं बंद, गाडीत बसलं की दारं लॉक. सवय होते, पण जेवून शतपावली घालायचं सुख संपतं. वहिनींना हे आधी सांग, इथे आल्यावर कळू देऊ नकोस.

वहिनींच्या नोकरीचंही. तुझ्या वर्क परमिटवर त्यांना काम करता येणार नाही, त्यांचं वेगळं काढावं लागेल, आणि ते कुणी नोकरी देणारा असेल तरच. बँकेत पंधरा वर्षं काढलेल्या बाईने घरी बसायचं ही तुमच्या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम आहे, आणि तू ती तुझ्या पत्रात कुठेच धरलेली नाहीस. बिनपगारी रजा मिळते का ते त्यांनी आधी बघावं.

ईराचं वय नेमकं अडचणीचं. इथे प्राथमिकच्या शेवटी, अकरा-बारा वर्षांच्या मुलांची एक परीक्षा असते, एसईए म्हणतात. त्यावर कुठली माध्यमिक शाळा मिळणार ते ठरतं. चौथ्या इयत्तेपासून मुलं शाळा सुटल्यावर "लेसन्स"ला जातात, म्हणजे शिकवणीला. आपल्याकडचीच सगळी धावपळ. ऐन त्या वर्षी तिला आणून टाकण्यापेक्षा तू आधी एकटा ये, घर-शाळा बघ, आणि सप्टेंबरमध्ये शाळेचं वर्ष सुरू होतं त्याच्या आधी त्यांना बोलाव. मुलांना शाळेसाठी इमिग्रेशनचं स्टुडंट परमिट लागतं, त्यालाही वेळ जातो. धाकट्याची काळजी नको. तो महिन्याभरात इथल्या हेलात बोलायला लागेल आणि तुलाच समजणार नाही.

आप्पांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. थेट विमान नाही, लंडन, न्यूयॉर्क असं कुठलंतरी शहर गाठूनच यावं लागतं, आणि निरोप मिळाल्यापासून घरी पोचेपर्यंत दोन दिवस जातात. घड्याळ साडेनऊ तास मागे. त्यांची सकाळची साखर तपासायची वेळ म्हणजे इथे आदल्या रात्रीचं जेवण. ताईशी मोकळेपणाने बोल.

एवढं सगळं लिहूनही मी इथे टिकलोय, त्याची कारणंही आहेत. ट्रॅगरेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हल आमच्यापासून चालत जाण्याएवढं. १९७१च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. सरदेसाईंचं शतक, गावसकरांची पहिली कसोटी. त्याच दौऱ्यात इथेच गावसकरांनी शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२० केल्या. इथले म्हातारे अजून त्यावर बोलतात, आणि मी मुंबईकडचा म्हटलं की खुर्ची पुढे सरकवतात. (नाशिक मुंबईपासून किती लांब, हे मी सांगत बसत नाही.) दिवाळीची सरकारी सुट्टी असते आणि पणत्या मातीच्याच लावतात. शिवाय डबल्स आहेत. दोन मऊ, हळदी रंगाच्या तळलेल्या पोळ्या, त्यावर छोल्यांची रस्सेदार भाजी, चिंचेची चटणी नि तिखट. गाडीवाला ते कागदात टाकून चिमटीने पीळ देतो आणि गिऱ्हाईक उभ्याउभ्याच संपवतं. सहा-सात डॉलरात न्याहारी उरकते. तिखट विचारलं की "स्लाइट" म्हण, कोल्हापुरी असल्याचा आव आणू नकोस.

यायचं ठरलंच तर मिक्सर आणू नकोस, इथे वीज ११५ व्होल्टची आहे. ज्वारी-बाजरीचं पीठ इथे स्वप्नातच. गोडा मसाला, आमसुलं आणि भाजणी यांचं बघ, पण सामानाच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ लिहून दाखव आणि बी-बियाणं काही घेऊ नकोस, पिआर्को विमानतळावर काढून घेतात. मंजिरी म्हणते, वहिनींनी तिला थेट फोन करावा, आपण दोघं मधे नकोत. तुझ्या शुक्रवारी सकाळी सहाला, म्हणजे इथल्या गुरुवारी रात्री साडेआठला, ती मोकळी असते.

कंपनीचं उत्तर आलं की त्यांनी डॉलरच्या मुद्द्यावर काय लिहिलंय तेवढं तसंच्या तसं मला पाठव. "स्थानिक धोरणानुसार" असं काही गोलमाल लिहिलं असेल, तर सही करायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
विवेक