शुभाला पत्र: दोघांना एकत्रच द्यायचंय

पाचपाखाडी, ठाणे
रविवार दुपार

प्रिय शुभे,

गणपतीनंतर तुला पत्र नाही, फोनही उडत उडत. रागावली असशील तर राग जरा बाजूला ठेव आणि आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की "अगं, मांजरच ना" म्हणतात आणि विषय बदलतात. आम्ही बरे आहोत. ह्यांची शुगर ताब्यात, माझा गुडघा आहे तसा आहे. झालं.

आपली इमारत पाडायला घेतली. फोटो नीलूने पाठवलेच असतील तुला. आम्ही दसऱ्याआधीच इथे भाड्याच्या जागेत आलो, तरी भाजीला म्हणून निघाले की पाय नौपाड्याकडेच वळतात. एके सकाळी गेले तर मागचा जिना उतरवलेला आणि तुमच्या खोलीचा पोटमाळा नुसता उघडा लटकतोय. खाली दोन मजूर घमेलं धरून उभे. मला वाटलं राडारोडा असेल. वाकून बघते तर चार पिल्लं! तुमच्या माळ्यावर, शुभे, जिथे तुझी आई पापडाचे डबे ठेवायची आणि आपण ते शोधून काढायचो तिथे. डोळे नुकते किलकिले झालेले, निळे. कान डोक्याला चिकटलेले. म्हणजे दहाएक दिवसांची.

आई मशीनच्या आवाजाने पळाली होती. मुकादम भला माणूस. म्हणाला, "मावशी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत इकडच्या बाजूला हात लावत नाही." माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते असं आपल्याला लहानपणी सगळे सांगायचे ना, ते खरं नाही. तिला शांतता मिळाली आणि माणसं लांब गेली की ती येते. आम्ही पिल्लं खोक्यात घालून वॉचमनच्या केबिनच्या आडोशाला ठेवली आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. आणि आली गं ती! तिरंगी, अंगाने किरकोळ. एकाला मानेला धरलं आणि विष्णुनगरच्या दिशेने निघून गेली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, पण नेणार एकेकच, म्हणून आम्ही बाकीच्यांना हात न लावता थांबलो. तेवढ्यात पलीकडच्या बाजूचं मशीन पुन्हा सुरू झालं. ती परत आली नाही. रात्री वॉचमन निजायला लागला तोवर थांबलो. मग पिल्लांच्या पोटाला हात लावून बघितला तर गार. तेव्हा मात्र पदरात घेतली आणि घरी आणली.

आता पुढचं तुलाच कळेल. तू केईएममध्ये कमी वजनाच्या बाळांच्या वॉर्डात जन्म काढलास. गार पिल्लाला आधी दूध पाजायचं नसतं, आधी ऊब. नाहीतर दूध पचत नाही, छातीतही जाऊ शकतं. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश, आपल्यापेक्षा जास्त, आणि एवढ्या लहान पिल्लाला ते स्वतःचं स्वतः टिकवता येत नाही. मी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली, म्हणजे जास्त झालं तर सरकायला दुसरी बाजू मोकळी. सगळ्यात धाकटीला तर ब्लाउजच्या आत, छातीशी धरून बसले. तू ती कांगारूची पद्धत सांगायचीस ना, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, अगदी तशी. अर्ध्या तासाने ती हलली आणि पहिल्यांदा ओरडली. एवढासा जीव, पण आवाज आपल्या बंड्यासारखा, तीन मजले ऐकू जाणारा.

गाईचं दूध दिलं नाही. शेजारणी वाटी घेऊन आल्या होत्या, पण त्यातली साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा अंगातलं पाणी गेलं की भरून काढणं कठीण. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. ती कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजने, थेंब थेंब. पिल्लू पालथंच हवं, जसं आईच्या पोटाशी असतं तसं. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलक्या हाताने पुसायचं. ते काम आई जिभेने करते. त्याशिवाय तीन आठवड्यांपर्यंत त्यांना शी-शू होतच नाही. रात्रीची पाळी ह्यांनी घेतली. मी उठायच्या आत दूध कोमट करून तयार! चाळीस वर्षांच्या संसारात हे मला नवीनच.

तिसरं गेलं. तुला सविस्तर लिहवत नाही. सगळ्यात मोठं दिसायचं, पण पहिल्यापासून चोखायची ताकदच नव्हती. डॉक्टरांनी हिरड्यांना साखरपाणी लावायला सांगितलं होतं, सलाईन दिलं, रात्रभर उबेत ठेवलं. पहाटे गेलं. तू मला कधी वॉर्डातलं सांगायची नाहीस, घरी आलीस की आधी अंघोळ आणि मग चहा, मधे एक शब्द नाही. त्या पहाटे मला तुझी फार आठवण आली.

राहिली दोन. ढब्बू आणि टिकली. तुझं एक वाक्य मी स्वयंपाकघरात रोज म्हणते, "काटा खोटं बोलत नाही." पिठामिठाचा काटा आता त्यांचाच झालाय. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवेत. ढब्बू आला तेव्हा २१० ग्रॅम, टिकली १६०. आज पाच आठवड्यांची झाली असतील, तर ढब्बू ५२० आणि टिकली ३९०. मधे काही दिवस तिचा काटा हललाच नव्हता. जंतांचं औषध झालं, पिसवा फणीने काढल्या (कुत्र्यांचं औषध चुकूनही लावायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे), तेव्हा कुठे चढायला लागली. आता दात आलेत, भिजवलेलं खाणं खातात, रेतीच्या ट्रेमध्ये आपणहून जातात.

आता माझी काळजी ऐक. वरच्या मजल्यावरच्या काकूंना ढब्बू हवाय, आणि आत्ताच हवाय. "लहानपणीच नेलं की लळा लागतो," म्हणतात. घरमालकाचीही कुरकुर सुरू आहे. ह्यांना वाटतं, चांगलं घर चालून आलंय, देऊन टाकू. घरात मी एकटीच "नाही" म्हणतेय, आणि का म्हणतेय ते पटवून देताना माझा आवाज चढतो.

काल दुपारची गोष्ट. ढब्बूने टिकलीचा कान धरला आणि जरा जोरात चावला. ती किंचाळली आणि पाठ फिरवून बसली. खेळ बंद. तो तिथेच बसून राहिला, मग गेला आणि तिचा कान चाटला. दुसऱ्यांदा धरला तेव्हा नुसता ओठांनी. कितपत चावायचं हे मांजर असं शिकतं, आईकडून आणि भावंडांकडून, आणि ते शिकायचे आठवडे हेच आहेत. आई तर गेलीच. आता भावंडही काढून घेतलं तर तो हे शिकणार कुणाकडून? काकूंच्या नातवाच्या हातावर? मग वर्षभराने तोच मोठा बोका ओरबाडतो म्हणून कुठेतरी सोडून येतील. टिकली अजून माझ्या पदराचं टोक तोंडात धरते, दोन्ही पंजे आळीपाळीने दाबत चोखते आणि घुरघुरत झोपते. पदर ओलाचिंब होतो. ते सोडवायला माझा हात जात नाही.

नीलूने मला शोधून दिलं, हेलसिंकी विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ साली जवळजवळ सहा हजार पाळीव मांजरांची माहिती तपासली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं जास्त आक्रमक निघाली. त्यांचं म्हणणं, १४ आठवडे तरी आईपाशी राहू द्यावीत. हे मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बारा आठवड्यांपर्यंत मी घरमालकाला बघतो." तेवढ्यात मी खूश आहे. लशीही तोवर होतील. सहा-आठ आठवड्यांपासून पहिली, रेबीजची बाराव्या आठवड्यात.

आई अजून दिसलेली नाही. विष्णुनगरमध्ये दुकानदारांना सांगून ठेवलंय. चौथं पिल्लू तिच्याजवळ असेल तर तिथेच वाढू दे, पण नंतर तिची नसबंदी करून घ्यायला हवी, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा कुणाच्या तरी पाडायच्या इमारतीत.

आणि हो, नीलूच्या लग्नाला तू आली नाहीस, नऊशे ग्रॅमच्या बाळापायी. किती महिने आपण बोललो नव्हतो! माझं मत अजूनही तेच आहे. रिसेप्शनला तरी यायला हवं होतंस, परळहून ठाणं काही विलायतेत नाही. पण ते बाळ जगलं हे तू मला त्या अबोल्यातही चिठ्ठी पाठवून कळवलंस, ते मी विसरलेले नाही.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? मंदारचं जमलं का कुठे? पडवीची कौलं बदलून झाली असतील. बंड्या भेटला होता तलावपाळीवर, तुला विचारत होता.

आता सरळ विचारते. चिपळूणच्या घरी तुला मागे अंगण आहे, उंदीरही आहेत, असं तूच म्हणतेस. फेब्रुवारीत दोघं बारा आठवड्यांची होतील. घेशील का? एकाला नाही, दोघांना. ठाण्याहून गाडीत बसून मी स्वतः आणून पोहोचवीन, चार दिवस राहीन, त्यांचं खाणं आणि ट्रे लावून देईन. भावोजींना मांजरं आवडत नाहीत हे मला माहीत आहे, त्यांच्याशी मी बोलते, तू फक्त फोन त्यांच्या हातात दे. आणि तुला नकोच असतील तर तेही या आठवड्यात कळव. मला दोघांना एकत्र नेणारं दुसरं घर शोधायला वेळ हवा, आणि काकूंना तोवर मी काही उत्तर देत नाही.

तुझी,
सुमा