धाकट्याच्या आवाजाविषयी

ती. बाबांस व ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी परवा रात्री सुखरूप पुण्याला पोहोचले. जर्मनीतील दहा दिवसांची हकीकत फोनवर सांगता आली असती. परंतु धाकट्याच्या नोकरीचा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते, म्हणून जे सांगायचे ते नीट लिहूनच सांगावे, असे मी विमानातच ठरवले. मुख्य गोष्ट अशी की, तिथे ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकांत, गाणाऱ्या आपल्या धाकट्याला एका लहान नाट्यगृहाने इटालियन संगीतकार व्हर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातील प्रमुख भूमिका देऊ केली होती आणि त्याने ती नाकारली, हे तुमच्या मनाला लागले आहे. तो निर्णय योग्य आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. ती कशी झाली, तेवढेच या पत्रात सांगते.

आधी प्रयोगाविषयी. मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये तो पापागेनो झाला होता. अंगावर पिसे ल्यालेला हा पक्षी पकडणारा माणूस म्हणजे त्या ऑपेरातला सर्वांचा लाडका. ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला, तेव्हा ही भूमिका शिकानेडर यांनी केली होती. संहिता त्यांचीच आणि नाट्यगृहही त्यांच्याच हाती. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांतही असे चालत असे, हे बाबांना सांगायला नको. मागच्या वर्षी हाच मुलगा ‘कार्मेन’ या ऑपेराच्या आरंभी मोरालेस नावाचा शिपाई होऊन थोडे गात होता आणि पुढे दिसतही नव्हता. तिथून पापागेनोपर्यंत येणे ही लहान मजल नव्हे.

पापागेनोच्या गळ्यात एक पावा असतो. त्यावर त्याला फक्त पाच स्वर वाजवायचे असतात आणि ते कोणते, तर सा रे ग म प! बाबा, मी खुर्चीत ताठ बसले. लक्ष्मीनगरच्या घरात, मे महिन्यातल्या दुपारी, कूलरची घरघर आणि खसाचा वास यांत तुम्ही त्याचे बोट धरून पेटीवर जे पहिले पाच स्वर वाजवून घेतले होते, तेच स्वर तो दोन समुद्रांपलीकडे वाजवत होता आणि लोक हसून दाद देत होते. मी मात्र रडत होते.

त्या सभागृहात कुठेही माईक नव्हता. रंगमंचापुढच्या खड्ड्यात तीस-चाळीस वादक वाजवत असताना त्याचा शब्दन्‌शब्द मला वरच्या सज्जात ऐकू येत होता. हे कसे होते, ते मी त्याला विचारले. तो म्हणाला की जोर लावून ओरडल्याने काहीही साधत नाही. वाद्यवृंदाच्या नादाचा मुख्य भर ५०० हर्ट्झच्या सुमारास असतो आणि त्याच्या वर तो उतरत जातो; तयार झालेल्या पुरुषी आवाजात मात्र ३००० हर्ट्झच्या आसपास एक वेगळी झळाळी एकवटते आणि नेमक्या त्याच भागात माणसाचा कान तीक्ष्ण असतो. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबेर्ग यांनी ही गोष्ट गेल्या शतकात मोजून दाखवली. बालगंधर्वांच्या काळी माईक नसताना पद शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोहोचत असे, याविषयी बाबा नेहमी ‘आवाज फेकावा लागतो’ असे सांगत, ते मला तेव्हा आठवले. फेकणे म्हणजे ढकलणे नव्हे, हेही तुम्हीच सांगत होता.

आता नकाराविषयी. आपला धाकटा बॅरिटोन आहे. बॅरिटोन हा टेनर (उंच) आणि बास (खालचा) यांच्या मधला पुरुषी आवाज. काळी एकला सा धरला, तर त्याचा आवाज मंद्रातल्या कोमल धैवतापासून तारसप्तकातल्या तीव्र मध्यमापर्यंत जातो. त्यामुळे रिगोलेत्तोचे स्वर त्याला लागत नाहीत, असे मुळीच नाही. त्याने मला तो भाग पियानोवर गाऊनही दाखवला. अडचण निराळी आहे. व्हर्दीने बॅरिटोनला तारसप्तकात नुसते जाऊन यायला लावले नाही, तर तिथे वस्ती करायला लावली, आणि तीही भरल्या वाद्यवृंदावर, संतापाने, विनवणीने, रडत, बहुतेक संध्याकाळभर. रिगोलेत्तो हा दरबारी विदूषक आणि तरुण मुलीचा बाप आहे. ११ मार्च १८५१ रोजी व्हेनिसला ही भूमिका प्रथम गाणारे फेलिचे वारेसी त्याआधी १८४७ मध्ये व्हर्दीचाच मॅकबेथ गायलेले, मुरलेले नट होते. इटालियन बॅरिटोन लिओ नुच्ची यांनी रिगोलेत्तो पाचशेहून अधिक वेळा गायला आणि सत्तरी ओलांडल्यावरही गायला. पुढची चाळीस वर्षे वापरायचा गळा एकतिसाव्या वर्षी ताणून ठेवला, तर नुच्चींसारखी सत्तरी कुठून येणार? बॅरिटोन उशिरा पिकतो. त्याच्या गुरूंनी एका वाक्यात निकाल दिला: अजून आठ वर्षे मोत्सार्ट, मग बोलू.

बाबा, हा नकार त्याने सुखासुखी दिलेला नाही. त्या पत्राचा मसुदा त्याने चार वेळा फाडला. पापागेनोच्या स्वरलिपीचे पुस्तक मी त्याच्या टेबलावर पाहिले. प्रत्येक जर्मन शब्दाखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला, जिथे श्वास घ्यायचा तिथे बारीक काकपद, आणि एका पानाच्या कडेला ‘इथे घाई नको’ अशी देवनागरीत सूचना. खाली दोनदा रेघ मारलेली होती. प्रयोगाच्या दिवशी तो दुपारपर्यंत कोणाशी बोलत नाही. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून देत होता.

बाबांचा दुसरा प्रश्न नेहमीचा: पर्मनंट कधी होणार? जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारी कितीतरी नाट्यगृहे आहेत आणि त्यांत गायक पगारी कलावंत म्हणून हंगामाच्या कराराने राहतात. करार वाढवायचा नसेल, तर तसे ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावे लागते. यंदा तो दिवस उलटून गेला आणि त्याला कोणी बोलावले नाही, म्हणजे पुढचे वर्ष पक्के झाले. सरकारी खात्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही नोकरी अधांतरी वाटणार, हे मला समजते. पण दरमहा पगार येतो, आजारपणाचा विमा आहे, आणि तो पैसे जपून वापरतो.

आणि आई, त्याचे गाणे आपण आधीच एकदा घाईने गमावून बसणार होतो, हे तुला आठवत असेल. पंधराव्या वर्षी आवाज फुटला, तेव्हा नागपुरातल्या एका स्पर्धेत परीक्षकांनी भर सभेत ‘आवाज फार ढाला झाला आहे, आता तबला शिक’ असे सांगितले होते. तीन महिने तो गायलाच नाही. नंतर मित्राबरोबर नाताळात सदरच्या चर्चमध्ये गेला आणि तिथे चार वेगवेगळ्या पट्ट्यांत एकाच वेळी गाणारी माणसे ऐकून आला; त्यांत त्याच्यासारख्या खालच्या आवाजाला हक्काची जागा होती. त्या रात्री तो जेवतानाही खालच्याच स्वरात गुणगुणत होता आणि तू त्याला थांबवले नाहीस. ज्या ढालेपणामुळे त्याला हिणवले गेले, त्यावरच तो आज पोट भरतो आहे.

बाबा, शेवटी तुमच्याच दैवताचे उदाहरण देते. वसंतराव देशपांडे १९२० चे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे कितीतरी वर्षे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गात राहिले. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब त्यांनी १९६७ मध्ये उभे केले, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाच्या सभागृहात तुम्ही आम्हा दोघांना किती मैफलींना नेलेत! वसंतरावांच्या उशिराबद्दल तुम्ही कधी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. तेवढाच धीर घरच्या मुलाबद्दलही धरावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

हंगाम संपला की तो जुलैअखेर तीन आठवड्यांसाठी नागपूरला येतो आहे. कॉलनीच्या हॉलमध्ये त्याच्या सत्काराचे चालले आहे असे कळले. तो कार्यक्रम कृपया रद्द करावा, कारण त्या हॉलच्या माईकवर आणि लग्नाच्या बँडच्या आवाजावर त्याने गाऊ नये. त्याला सकाळी तर्री-पोहे आणि दुपारी झोप, एवढेच द्यावे. रविवारी फोन आला, तर रिगोलेत्तोचे नाव काढू नये. पापागेनोचा पावा कसा वाजवतोस, ते विचारावे. आणि पेटीची काळी एक अडकते असे आई मागे म्हणाली होती, ती तो येण्यापूर्वी महालातल्या पेटीवाल्याकडून दुरुस्त करून घ्यावी. त्याला बाबांच्या साथीने गायचे आहे.

तुमची,
थोरली