काळ्या दगडाचा ठोकळा

महोदय,

मुलांच्या संगणकी खेळांविषयी आपल्याकडे बोललं जातं ते फक्त वेळ वाया जाण्याबद्दल. मी चित्रकला शिकवते. आमची सातवी-आठवीची मुलं लुआंटी (२०२४ पर्यंत माइनटेस्ट) या मोफत, मुक्तस्रोत खेळात मिळून यादवकाळातलं गाव उभारत आहेत. या खेळातलं जग चौकोनी ठोकळ्यांचं; ठोकळ्याच्या बाजूंवर छोटं चित्र असतं. मध्ययुगीन म्हणून मिळणारे तयार ठोकळे बहुतेक युरोपीय वळणाचे, चुन्याच्या फिकट रेघांत बसवलेल्या दगडांचे. आमच्या सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वर मंदिराचे दगड मात्र चुन्याविना बसवलेले! म्हणून मुलांनी स्वतःचा ठोकळा काढला. ठोकळ्यावरच्या चित्राचा कागद म्हणजे १६ गुणिले १६ चौकोन, एवढाच. सांध्याची रेघ एकाच चौकोनाची, दगडापेक्षा किंचित गडद. तेच चित्र भिंतभर शेजारीशेजारी लागतं, म्हणून डावी कड उजवीशी जुळायलाच हवी. एखादा ठिपका जास्त उठला, की तो भिंतभर ओळीनं दिसतो. हे कळल्यापासून मुली देवळाच्या भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहतात. काळ्यात निळसर छटा किती, यावरून वाद घालतात. इतकं निरीक्षण माझ्या तासाला क्वचितच होतं. सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचा खेळ जिथं चालतो त्या संगणकावर, एकीनं ठोकळा घातला की खेळायला येणाऱ्या प्रत्येकाकडे तो आपोआप उतरतो.

पुरातत्त्व खात्यानं आणि दुर्गप्रेमी संस्थांनी दौलताबादच्या तटाची, कोकणातल्या जांभ्याची, सावलीविना समोरून घेतलेली छायाचित्रं असे ठोकळे काढायला मुलांसाठी खुली करावीत. दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना आणखी काही शिकवावं लागणार नाही.

– एक चित्रकला शिक्षिका, सिन्नर