आमचा आराखडा पेन्सिलीने तपासणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या इंटर्नशिप उपक्रमाची तिसरी तुकडी मागच्या आठवड्यात पूर्ण झाली. समारोपाला तुम्ही नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसलात आणि चहापाण्याआधीच निघून गेलात, त्यामुळे आभार मानायचे पुन्हा राहिले. तीन वर्षांचे ते ऋण आज या पत्रातून व्यक्त करते आहे. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की तुम्ही आम्हाला जे शिकवलेत ते वडोदऱ्यातल्या इतर शिक्षकांच्या आणि नव्याने कंपनी काढणाऱ्यांच्याही उपयोगी पडावे.

मी पहिल्यांदा तुमच्या दांडिया बाजारातल्या घरी आले, तेव्हा माझ्या हातात बारा पानांचा आराखडा होता. उद्योजकतेवर आठ व्याख्याने, दोन कार्यशाळा, स्टार्टअप कंपनीत सहा आठवड्यांचा ‘अनुभव’ आणि शेवटी प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप होते. तुम्ही झोपाळ्यावर बसून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात, ‘अनुभव’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत आणि विचारलेत, “सोमवारी सकाळी दहा वाजता तुमची विद्यार्थिनी माझ्या कंपनीच्या दारात उभी राहील, तेव्हा तिला मी नेमके काय काम देऊ?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. आदल्याच वर्षी एका कंपनीत आमच्या चार विद्यार्थ्यांनी दोन महिने फाइली स्कॅन केल्या होत्या आणि समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिला होता. प्रमाणपत्रावर मात्र ‘व्यवसाय विकास’ असे छापून आले. ती प्रमाणपत्रे मीच त्यांच्या हाती दिली होती आणि त्याची टोचणी मनात होती. म्हणूनच तुमचा प्रश्न इतका खोल लागला.

त्या संध्याकाळी तुम्ही सांगितलेली अट आज आमच्या उपक्रमाचा पाया आहे. जिचे उत्तर कंपनीलाही ठाऊक नाही आणि जिच्यावाचून कंपनीचा एखादा निर्णय अडून राहिला आहे, अशी एकच अडचण विद्यार्थ्याच्या हाती द्यायची. कंपनीने ती आधी एका वाक्यात लिहून पाठवायची. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या कंपनीला त्या वर्षी विद्यार्थी द्यायचा नाही.

पहिला प्रश्न तुम्ही स्वतःच्याच कंपनीचा दिलात. कारखान्यातल्या दाबाच्या हवेच्या नळ्यांची गळती शोधणारे तुमचे उपकरण तयार होते, तरी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार ते विकत घेत नव्हते. सात बार दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे छिद्र पडले, तर तीन ते चार किलोवॅट वीज नुसती हवेत जाते, हा हिशेब तुम्ही प्रत्येकाला पटवून देत होता. माना डोलत होत्या, मागणी मात्र येत नव्हती. असे का होते, हे शोधण्याचे काम आमच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे आले.

तिच्या वहीची पहिली पाने मी जपून ठेवली आहेत. यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसरजवळ, म्हणजे विजेवर हवा दाबून नळ्यांत भरणाऱ्या यंत्राजवळ, स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे, तो किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ मोकळा फिरतो ते टिपायचे, आणि भरण्याच्या वेळेला एकूण वेळेने भागायचे, ही रीत तुम्ही तिला शिकवलीत. एका कारखान्यात तिने नव्वद सेकंद आणि दोनशे दहा सेकंद अशी नोंद केली, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तीस टक्के हवा कोणाच्याही कामी न येता वाया जात होती. तो आकडा घेऊन ती उत्साहाने शेठजींकडे गेली. त्यांनी तिला लेखापालाकडे पाठवले, कारण विजेचे बिल तो पाहतो. लेखापालाने फिटरकडे बोट दाखवले, कारण कॉम्प्रेसर त्याच्या ताब्यात. फिटर काहीच बोलला नाही. पुढचे आठ-दहा दिवस पाळी सुटण्याच्या वेळी ती फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागली, तेव्हा कुठे एका वयस्कर फिटरने गुजरातीत मोकळेपणाने सांगितले, की बहेन, हे यंत्र प्रत्येक गळती दाखवणार आणि प्रत्येक गळतीचा दोष माझ्या माथी येणार.

तुमच्या कंपनीने त्यानंतर उपकरण विकण्याचा आग्रह सोडून महिन्याच्या ठरावीक रकमेत गळतीची तपासणी आणि दुरुस्ती सुरू केली, आणि दुरुस्तीच्या अहवालावर फिटरचे नावही येऊ लागले. निर्णय झाला त्या बैठकीत तुम्ही त्या मुलीला शेजारी बसवलेत. विकत घेणारा, पैसे देणारा आणि वापरणारा हे तीन वेगळे लोक असू शकतात, हे मी वर्गात फळ्यावर अनेकदा लिहिले आहे. तिला ते त्या टपरीवर समजले आणि ती ते विसरणार नाही.

दुसरी गोष्ट सांगताना आजही मन भरून येते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही विद्यार्थ्यांसमोर कंपनीच्या हिशेबाची वही उघडलीत. बँकेत किती शिल्लक आहे, दर महिन्याला पगार, भाडे आणि सुटे भाग यांवर किती जाते, आणि नवी मागणी आली नाही तर किती महिने निभावेल, हे तुम्ही त्यांनाच काढायला लावलेत. उत्तर आले साडेचार महिने. खोलीत सगळे गप्प झाले. आपल्या उद्योगाची नाजूक बाजू परक्या मुलांना दाखवायला मन मोठे लागते. गोपनीयतेचा एक पानी करार आम्ही तेव्हापासून पहिल्याच दिवशी करून घेतो, आणि हिशेब दाखवण्याची तयारी नसलेल्या कंपनीला नम्रपणे नकार देतो.

उरलेली रचना तुमच्या-माझ्या वादातून घडली. सलग सहा आठवडे मुलांना कंपनीत सोडावे, असे तुमचे मत होते. मधूनमधून त्यांनी वर्गात परत यावे, असे माझे. हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या मुलांना आलटून पालटून कारखान्यात आणि वर्गात पाठवायला सुरुवात केली, तो दाखला मी दिला. त्यावर तुम्ही म्हणालात, की इतके लांब कशाला जायचे, आपल्या सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते रंगकाम आणि यंत्रकाम हातांनी शिकवण्यासाठीच. आणि तिथल्या प्राध्यापक गज्जरांनी पुढे कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी उभी केली. अखेर बारा आठवडे ठरले: दोन आठवडे कंपनीत, तिसरा महाविद्यालयात. त्या तिसऱ्या आठवड्यात विद्यार्थी वहीतली दोन पाने वाचून दाखवतो, मला काय वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले. गुण त्या वहीला आहेत. अंदाज चुकल्याबद्दल कोणाचेही गुण कापले जात नाहीत, ही ओळ तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलीत.

एका कंपनीत दोनच विद्यार्थी आणि संस्थापकाचा आठवड्यातून एक पूर्ण तास, ही मर्यादाही तुमचीच. संस्थापकाला त्याहून अधिक वेळ नसतो आणि त्याहून कमी वेळात मुले पोरकी होतात, हे तुम्ही अनुभवाने सांगितलेत. विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळालेच पाहिजे, यावरून तर तुम्ही तसूभरही हटला नाहीत. गुजरातच्या २०१७ च्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणामुळे मुलांच्या स्वतःच्या कल्पनांसाठी महाविद्यालयांत निधीची सोय झाली, पण दुसऱ्याच्या कंपनीत राबणाऱ्या मुलाच्या बसभाड्याचे काय, हा प्रश्न तुम्ही बैठकीत उभे राहून विचारलात. वाघोडियाहून दोन बस बदलून येणारा आमचा एक विद्यार्थी त्यामुळेच बारा आठवडे टिकला.

त्या पहिल्या विद्यार्थिनीने अजून कंपनी काढलेली नाही. ती नोकरी करते आहे आणि रविवारी खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्यांशी बोलून काही टिपणे काढते आहे. कशाची, ते तिने मला सांगितलेले नाही. तुम्हाला सांगितले असेल, अशी माझी खात्री आहे.

पुढच्या तुकडीसाठी सात कंपन्यांची वाक्ये आली आहेत. त्यांपैकी दोन वाचताना मला आदल्या काळातल्या फाइली आठवतात. गुरुवारी संध्याकाळी ती सगळी घेऊन मी तुमच्याकडे येते आहे.

आपली कृतज्ञ,
वडोदऱ्यातील एका महाविद्यालयाची शिक्षिका